तू दिसला नाहीस तर कुणाला कळेल?

पत्र:

ताई, नमस्कार. मी तासगाव तालुक्यातला. मागच्या वर्षी ऑक्टोबरात मास्टर्स करायला जर्मनीत केम्निट्झला आलो. आमची तीन एकर द्राक्षबाग आहे. आप्पांनी रान बँकेत ठेवून कर्ज काढलं. निघताना चौकात बॅनर लागला होता. पहिल्या वर्षात साठपैकी तीसच क्रेडिट झाले. एका सक्तीच्या विषयात फेब्रुवारीत नापास झालो, जुलैत परत नापास झालो. तिसरा प्रयत्न शेवटचा, तो आता फेब्रुवारीत आहे. घरी सांगितलंय की सगळं क्लिअर आहे. रोज व्हिडिओ कॉलवर हसतो. आठवड्यातनं दोन रात्री गोदामात पाळी करतो, दिवसा झोपतो, लेक्चर बुडतात. सप्टेंबरात ट्राम स्टॉपवर दोघं जण अंगावर ओरडले, तेव्हापास्नं अंधार पडल्यावर बाहेर जात नाही. आता तर चारलाच अंधार पडतो. रूमवर मराठी पोरं आहेत, पण त्यांना सांगितलं तर गावापर्यंत जाईल. कधी कधी वाटतं, सकाळी जागच आली नाही तर बरं. माझ्यात दमच नाही का? बाकीची पोरं टिकतात. मी कणखर कसा होऊ?

उत्तर:

तुझं पत्र आलं त्याच रात्री मी तुला चार ओळी खासगी लिहिल्या आणि दुसऱ्या दिवशी तुझं उत्तरही आलं, म्हणून आज जरा निवांत लिहिते आहे. अशी पत्रं मला वर्षभर येत असतात, कधी मेलबर्नहून, कधी डब्लिनहून. त्यामुळे तुझ्या परवानगीने हे उत्तर सगळ्यांसमोर देते. गावाचं नाव गाळलं आहे, विषयाचंही.

आधी ते सकाळी जाग न येण्याचं वाक्य. ते मी तीनदा वाचलं. असं वाटतं म्हणजे आपल्यात दम नाही, असा अर्थ तू लावलास, तो चुकीचा आहे. कित्येक महिने झोप मोडलेली, अंगाला ऊन नाही, मनातलं बोलायला माणूस नाही आणि वर रोज एक खोटं सांभाळायचं. अशाने कुणाचंही मन आजारी पडेल. पण ताप जसा अंगावर काढू नये, तसं हेही अंगावर काढायचं नाही. ज्यांच्या मेन्सात, म्हणजे कॅन्टीनमध्ये, तू दुपारचं जेवतोस, त्या श्टुडेंटनवेर्ककडेच, म्हणजे विद्यार्थ्यांच्या सोयी बघणाऱ्या संस्थेकडेच, मानसिक समुपदेशन आहे. त्याला पैसे पडत नाहीत. तू तिथे काय बोललास हे विद्यापीठाला, परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला किंवा तुझ्या घरी कळवलं जात नाही. वेळ मागणारी ईमेल इंग्रजीत लिही आणि इंग्रजीत बोलायचं आहे हे तिच्यातच सांगून टाक. दुसरं म्हणजे, आरोग्य विम्याचे पैसे तू दर महिन्याला भरतोसच. मन थकल्याची तक्रार घेऊन हाउसआर्ट्स्टकडे, म्हणजे आपल्या भाषेत फॅमिली डॉक्टरकडे जाणं, त्याच विम्यात बसतं. डॉक्टरची वेळ मिळत नसेल तर 116117 वर फोन कर. एखादी रात्र फारच जड गेली तर टेलेफोनझेलझोर्गे, म्हणजे मन मोकळं करायची हेल्पलाइन, 0800 1110111. चोवीस तास, मोफत. आणि जिवाचंच काही बरंवाईट होईल असं वाटलं तर थेट 112. हे चारही पत्ते-नंबर फोनमध्ये घालून ठेव. नंतर नको, खालचं वाचायच्या आधी.

घातलेस? आता तुझ्या प्रश्नाकडे येते.

मी 1997 च्या ऑक्टोबरात ड्रेस्डेनला शिकायला गेले, तुझ्यापासून रेल्वेने तासाभरावर. एका जुन्या चार मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर खोली मिळाली. घरी फोन रविवारी, तोही टेलिफोन कार्ड घालून कोपऱ्यावरच्या बूथमधून. पडद्यावर शिल्लक पैसे सरसर उतरताना दिसायचे, त्यामुळे 'मी मजेत आहे, तुम्ही कसे आहात' याच्या पुढे बोलणं जायचंच नाही. मी मजेत नव्हते. वर्गात प्राध्यापक बोलायला लागले की पहिली दहा मिनिटं कळायचं, मग जर्मन वाक्याचं शेवटचं क्रियापद येईस्तोवर मी वाक्याची सुरुवात विसरलेली असायची. पण मी मनाशी ठरवलं होतं की रडायचं नाही, कुणाला काही मागायचं नाही, दात-ओठ खाऊन दोन वर्षं काढायची. यालाच मी कणखरपणा समजत होते.

त्या इमारतीत जिना पुसायची पाळी असे. दाराच्या मुठीला एक छोटी पाटी अडकवलेली दिसली की त्या आठवड्यात आपल्या मजल्यापासून खालच्या मजल्यापर्यंतचा जिना आपण पुसायचा आणि आठवडा संपला की पाटी शेजारच्या दाराला नेऊन अडकवायची. हाउसओर्डनुंग म्हणतात त्याला. मला आधी त्याचा राग यायचा. मी इथे शिकायला आले, जिने पुसायला नाही, असं वाटायचं. डिसेंबरात एका आठवड्यात पाटी माझ्या दाराला होती आणि मी तापाने पडले. सोमवारपासून गुरुवारपर्यंत अंथरुणात. विद्यापीठात कुणाला पत्ता नाही, वर्गात कुणी विचारलं नाही, घरचा फोन रविवारी. शुक्रवारी सकाळी दारावर जोरजोरात थापा. दुसऱ्या मजल्यावरच्या आजीबाई होत्या. हातात बादली, चेहरा लाल. जिना पुसला नाही म्हणून भांडायला आल्या होत्या. दार उघडून मी चौकटीला धरून उभी राहिले, तशा त्या गप्प झाल्या. बादली तिथेच ठेवली, माझ्या कपाळाला हात लावला आणि मला अंथरुणात घालून खाली गेल्या. अर्ध्या तासाने कॅमोमाइलचा चहा, वाफाळलेले बटाटे आणि त्यांचा डॉक्टर, असं सगळं वर आलं.

मला त्या दिवशी वाचवलं ते माझ्या दात-ओठ खाण्याने नाही. जिना पुसला गेला नाही, हे कुणाच्या तरी लक्षात आलं म्हणून मी वाचले.

पुढे दर शनिवारी मी त्यांच्याकडे दहा वाजता जायची. त्या माझं जर्मन दुरुस्त करायच्या. सॅक्सनीतली, म्हणजे ड्रेस्डेन-केम्निट्झ ज्या राज्यात आहेत तिथली माणसं 'हो' म्हणायला 'या' न म्हणता 'नू' म्हणतात, हे मला तिथे कळलं. तोवर मला वाटायचं की ही माणसं माझ्यावर वैतागून हुं करतात! साडेदहापर्यंत मी आले नाही तर त्या जिन्यातून हाक मारत. परदेशात गेलेल्या कुणालाही मी आज हेच विचारते आणि तुलाही विचारते. सोमवारपासून तू दिसलाच नाहीस, तर ते कुणाच्या, आणि किती वाजता लक्षात येईल?

मी तुझ्या पत्रावरून हिशेब करून बघितला. गोदामात तुझ्या जागी दुसरा उभा राहील. वर्गात तू एरवीही नसतोस. रूमवरच्या पोरांना वाटेल, रात्रपाळी करून झोपलाय. घरी संध्याकाळी कळेल, पण ते हजारो किलोमीटरवर. म्हणजे कळायला हवं अशा ठिकाणी कुणालाच कळणार नाही. तुझ्यात दम नाही असं नव्हे. तू ज्यावर उभा आहेस तिथे आधाराची एकच तार आहे आणि सगळं वजन तिच्यावर आलं आहे. तुला द्राक्षाच्या मांडवाचं कळतं. एका तारेवर बाग कुणी चढवत नाही. 'बाकीची पोरं टिकतात' ती अंगात जास्त लोखंड असल्यामुळे टिकत नाहीत. बहुतेकांना नकळत दोन-चार तारा मिळालेल्या असतात. कुणाला खेळाचा संघ, कुणाला लॅबमधला एखादा खडूस पण लक्ष ठेवणारा सीनियर, कुणाला जिना पुसायची पाळी. आणि काही जण टिकल्यासारखे नुसते दिसतात. जसा तू कॉलवर दिसतोस.

तेव्हा पहिलं काम, येत्या पंधरा दिवसांत अशा दोन जागा तयार करायच्या जिथे तू ठरल्या वेळी गेला नाहीस तर कुणीतरी विचारेल. दोनच. एक अभ्यासाची. त्या विषयाचं ट्युटोरियम, म्हणजे सरावाचा वर्ग, असेल तर ते, नसेल तर दोघा-तिघांचा गट, ठरलेला वार, ठरलेलं टेबल, ग्रंथालयात. दुसरी अभ्यासाशी संबंध नसलेली. विद्यापीठाचे खेळाचे वर्ग अगदी कमी पैशांत असतात. त्यातला सांघिक खेळ निवड, जिम नको. जिममध्ये माणूस कानात गाणी घालून एकटाच असतो, व्हॉलीबॉलला एक जण कमी पडला की आरडाओरडा होतो. तुमच्या विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांना स्थानिक विद्यार्थी जोडून देण्याची सोयही आहे. वर्ष उलटून गेलं, आता कसं विचारू, असं करू नकोस. विचार.

रूमवरच्या पोरांबद्दल. सगळ्यांना सांगू नकोस, एकाला सांग. ज्याच्या तोंडून तू आजवर दुसऱ्याची गोष्ट ऐकलेली नाहीस, तो एक. माझा अनुभव असा की पहिल्याने तोंड उघडलं की दुसरा म्हणतो, 'अरे, माझेपण दोन राहिलेत.' परदेशातल्या आपल्या मुलांच्या घरात एक विचित्र शांतता असते. एकत्र आमटी-भात खातात, एकाच कुकरच्या शिट्ट्या मोजतात आणि निकालाच्या दिवशी प्रत्येकाचं दार बंद. सगळ्यांना गावाची भीती, आणि सगळ्यांचं गाव वेगळं! ती शांतता कुणीतरी मोडायला हवी.

आता परीक्षा. इथे मी जरा कडक बोलणार आहे, कारण इथे वेळ कमी आहे. तिसरा प्रयत्न शेवटचा असतो हे तू बरोबर सांगतोस. सक्तीच्या विषयात तोही गेला तर त्या अभ्यासक्रमातून नाव निघतं, आणि जर्मनीत दुसरीकडे तोच अभ्यासक्रम घेणंही अवघड होऊन बसतं. म्हणून त्या पेपरला चाचपडत जायचं नाही. पहिली गोष्ट, तू तुझे दोन्ही तपासलेले पेपर बघितलेस का? पत्रात उल्लेख नाही, म्हणजे बहुधा नाही. तिकडे पेपर तपासल्यावर तो बघायला एक दिवस ठेवतात, क्लाउसुरआइनझिश्ट म्हणतात. आपली मुलं जात नाहीत. आपल्याकडे पेपर बघायला मागणं म्हणजे मास्तरांवर संशय घेणं, तशी सवय लागलेली. तिथे तो रिवाज आहे, कुणी वाईट मानत नाही. दिवस उलटून गेला असेल तरी त्या विभागाला ईमेल करून विचार. आपण नेमके कुठे मार खातो, गणितात, वेळेत की प्रश्न समजण्यात, हे कळल्याशिवाय तिसऱ्यांदा तोच अभ्यास तसाच करण्याला काही अर्थ नाही.

दुसरी गोष्ट, फाखशाफ्ट, म्हणजे विभागाची विद्यार्थी समिती. त्यांच्याकडे बऱ्याचदा जुने पेपर मिळतात. तिसरी, प्राध्यापकांची श्प्रेखश्टुंडं, ही भेटीची वेळ विद्यार्थ्यांसाठीच राखलेली असते. 'सर, मला हा विषय येत नाही' असं जाऊन म्हणू नकोस, त्यावर त्यांना काही करता येत नाही. सोडवायला घेतलेलं, अर्ध्यावर अडलेलं एक गणित कागदावर घेऊन जा आणि 'इथून पुढे मला सुचत नाही' म्हण. जर्मन प्राध्यापक रुक्ष वाटतात, पण अडलेल्या गणितावर बोलायला त्यांना आवडतं. आणि चौथी, या सगळ्याच्याही आधीची. अभ्यासक्रमाचे सल्लागार आणि प्र्युफुंग्सआम्ट, म्हणजे परीक्षा विभाग, यांना या आठवड्यात भेट. तीन प्रश्न लिहून ने. तिसऱ्या प्रयत्नासाठी वेगळा अर्ज लागतो का, तो किती मुदतीत द्यायला लागतो, आणि आजारपण असेल तर डॉक्टरांच्या दाखल्यावर पुढे ढकलता येतं का. उत्तरं तोंडी घेऊ नकोस, ईमेलवर घे. समुपदेशकाने किंवा डॉक्टरने फेब्रुवारीत बसू नको असं सांगितलं, तर ते ऐक. पेपर एका सत्राने पुढे गेला म्हणून कुणाचं शिक्षण बुडालेलं मी पाहिलेलं नाही. मोडलेल्या मनाने शेवटचा प्रयत्न वाया घालवलेले पाहिले आहेत.

व्हिसाची भीती तू लिहिली नाहीस, पण ती असणारच. एका विषयात नापास झालं म्हणून राहण्याचा परवाना लगेच काढून घेत नाहीत. मुदतवाढीच्या वेळी शिक्षण पुढे सरकतंय का, ते रास्त वेळेत पुरं होईल का, हे बघतात. म्हणूनसुद्धा सल्लागारांशी आधी बोललेलं बरं, त्यांचं पत्र तेव्हा उपयोगी पडतं.

गोदामाचं गणित आपण मांडू. 2026 च्या जानेवारीपासून तिकडे किमान वेतन ताशी 13.90 युरो. आठ तासांची एक रात्रपाळी म्हणजे साधारण 111 युरो, महिन्याला चार धरल्या तर 445. दोनपैकी एक रात्र तू जानेवारी-फेब्रुवारीत सोडलीस तर दोन महिन्यांत नऊशेच्या आसपास कमी येतील. मोठी रक्कम आहे, मला माहीत आहे. पण एक सत्र वाढलं तर? व्हिसासाठी तू जे ब्लॉक्ड अकाउंट, म्हणजे दरमहा ठरावीकच रक्कम काढता येणारं खातं, उघडलंस त्यात महिन्याला 992 युरो धरतात, म्हणजे सहा महिन्यांचे जवळजवळ सहा हजार. तू नऊशे वाचवायला सहा हजार पणाला लावतोयस. शिवाय शक्य असेल तर उरलेली पाळीही दिवसाची माग. डिसेंबरात केम्निट्झला सूर्य आठच्या सुमारास उगवतो, चारच्या सुमारास मावळतो. रात्रपाळी करून तू दोनला उठलास की तुझ्या वाट्याला दोन तास उजेड येतो, तोही ढगाळ. तासगावच्या उन्हात वाढलेल्या शरीराला हे कळत नाही, ते आजारी पडतं. सकाळी दहा ते दुपारी दोन यात अर्धा तास बाहेर चालायचं, पाऊस असो, बर्फ असो. डॉक्टरकडे जाशील तेव्हा ड जीवनसत्त्वाचंही विचार.

ट्राम स्टॉपवर जे झालं त्यात तुझी काही चूक नव्हती. कपड्यांची नाही, वेळेची नाही, तू काही बोलला नाहीस त्याचीही नाही. ते मनात ठेवून तू स्वतःलाच चारनंतर कोंडून घेतलंस. ज्यांनी ओरडायचं ते ओरडून घरी गेले. तारीख, वेळ, स्टॉप, काय बोलले, हे आठवेल तेवढं लिहून काढ. आरएए सॅक्सनी या संस्थेचं अशा प्रकारांना तोंड दिलेल्यांसाठी मोफत सल्ला केंद्र तुझ्या शहरात आहे, तिथे जाऊन सांग. पोलिसांत जायचं की नाही ते त्यांच्याशी बोलून ठरव. संध्याकाळी बाहेर जाताना सुरुवातीला कुणाबरोबर जा, त्यात कमीपणा नाही. व्हॉलीबॉल संध्याकाळीच असतं, येताना चौघं एकाच ट्रामला असतात.

आता आप्पा. तू ज्याला सगळ्यात जास्त घाबरतोस ते.

तुला वाटत असेल की त्यांना कळलं तर ते खचतील. मी तुझ्या आप्पांना ओळखत नाही, पण द्राक्षवाल्यांना थोडं ओळखते, माझं आजोळ तुझ्या गावापासून लांब नाही. ज्या माणसाने छाटणीपासून डावणी-भुरी या रोगांशी झुंजत, ढगाळ हवा आली की रात्रीतनं उठून फवारे मारत बाग आणली आणि माल तयार असताना अवकाळी पावसाने मणी तडकलेले बघितले, आणि तरी पुढच्या ऑक्टोबरात परत कात्री हातात घेतली, तो माणूस दोन पेपरांनी खचेल? त्यांना नुकसान नवीन नाही. नुकसान लपवलेलं मात्र त्यांना खपणार नाही. व्यापारी बुडवतो तेव्हा बुडालेल्या पैशांपेक्षा 'उद्या देतो, परवा देतो' हे जास्त जाळतं, हे तू घरात ऐकलं असशील.

आणि दुसरं एक त्यांना तुझ्या-माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. नवी बाग लावताना ते पहिल्यांदा द्राक्ष लावतच नाहीत. डॉगरिज या जंगली वेलीची काडी लावतात, ती मुळं धरू देतात. पावसाळ्याच्या शेवटाला तिच्यावर कलम भरतात. कलम फुटून फूट चांगली वाढते, बघणाऱ्याला वाटतं, वा, काय बाग आली! आणि जानेवारीच्या सुमारास ते ती वाढलेली फूट परत खाली, दोन-तीन डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, ठेवून कापून टाकतात. रिकट. मग खोड, मग ओलांडे, म्हणजे मांडवावरच्या आडव्या फांद्या, आणि त्यानंतर कुठे माल. पहिल्या वर्षी माल धरायचा नसतो, हे त्यांना कुणी शिकवायला नको. परक्या मुळावर कलम केलेलं झाड आहेस तू. वर्ष वाया गेलं असं तुला वाटत असेल. मुळं धरली की नाही एवढंच मी बघते, आणि तीस क्रेडिट, एक भाषा, स्वतःचा स्वयंपाक, रात्रपाळी, म्हणजे धरली आहेत. आता रिकट करायची वेळ आली आहे, आणि ते दुखतं.

कसं सांगायचं? संध्याकाळच्या व्हिडिओ कॉलवर नको. तिथे आई, आजी, चुलत भावंडं, एखादा शेजारीही असतो आणि तू पुन्हा हसशील. सल्लागारांना भेटून आलास की दुसऱ्या दिवशी सकाळी आठला आप्पांना एकट्यांना साधा फोन लाव, चेहरा न दिसणारा. तिकडे साडेबारा झालेले असतील, ते जेवायला शेडवर आलेले असतील. लांबण लावू नकोस. असं काहीतरी म्हण, 'आप्पा, मी तुमच्याशी खोटं बोललो. एक विषय दोनदा गेला. आणखी एकदा बसता येतं. मी काल सल्लागारांना भेटलो, असं असं ठरलंय. एखादं सत्र वाढेल. मला झोप येत नव्हती, त्यासाठी डॉक्टरकडं जातोय. रागवा, पण ऐकून घ्या.' आणि मग गप्प बस. ते काही बोलणार नाहीत कदाचित. फोन ठेवतीलही. त्यांना दोन दिवस दे. आपल्याकडची माणसं ऐकल्या ऐकल्या समजूतदार होत नाहीत, बांधावर दोन चकरा मारून आल्यावर होतात. आईला तेच सांगतील, आणि आई तुला फोन करून पहिल्यांदा जेवलास का विचारेल.

बँकेचंही त्यांच्याशीच बोलून घे. बहुतेक शैक्षणिक कर्जांचे हप्ते अभ्यासक्रम संपल्यावर साधारण वर्षभराने सुरू होतात. अभ्यासक्रम लांबतोय असं दिसलं तर विद्यापीठाचं पत्र घेऊन बँकेला आधीच कळवावं लागतं. हप्ता चुकल्यावर गेलं की शाखेतला साहेब ऐकत नाही, आधी गेलं की ऐकतो.

मीही ड्रेस्डेनहून त्या तापाचं घरी लगेच सांगितलं नव्हतं. तीन रविवार गेल्यावर सांगितलं. वडील बूथमधले दोन युनिट संपेपर्यंत काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, 'त्या बाईंचा पत्ता दे.' त्यांनी पुण्याहून आजीबाईंना इंग्रजीत पत्र लिहिलं. आजीबाईंना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून एका शनिवारी त्यांनी ते माझ्याकडूनच वाचून घेतलं. माझ्या वडिलांनी माझ्याबद्दल तिऱ्हाइताला काय लिहिलं आहे ते मी त्यांच्या स्वयंपाकघरात उभी राहून जर्मनमध्ये सांगत होते आणि सांगता सांगता मला क्रियापद सापडेना. आजीबाई म्हणाल्या, 'नू, नू,' आणि किटली चढवली.

शेवटचं एक काम देते, ते फेब्रुवारीसाठी. परीक्षा झाली की, किंवा पुढे ढकलली असलीस तरीही, एका उजेडाच्या दिवशी केम्निट्झहून ड्रेस्डेन आणि तिथून पुढे राडेबॉइलला जा. एल्बे नदीच्या काठाने तिथे द्राक्षमळे आहेत. उभा चढ, दगडी बांध रचून केलेल्या पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीवर वेली. सॅक्सनीची सगळी मिळून पाचशेच्या आसपास हेक्टर द्राक्षं, सगळी वाइनची. तुमच्याकडे तेव्हा माल उतरत असेल, बेदाण्याच्या शेडवर माणसं मिळत नसतील. इकडे वेली पार उघड्या, आणि थंडीत टोपी-हातमोजे घालून कुणीतरी छाटणी करत असेल. थांबून बघ, बोलायला जा, तुझं जर्मन तेवढं पुरेल. सप्टेंबरात तोडणीला माणसं लागतात का तेही विचारून ठेव. आणि त्यांनी काडीवर किती डोळे ठेवलेत ते नीट मोजून घे. आप्पा ते विचारणार आहेत.